हुशार आणि हुषार

आमची आई माहेरची गोकाक तालुक्यातली. लग्न होऊन बेळगावात आली तेव्हा तिला मराठी समजत होतं, बोलता येत नव्हतं. पुढे ती इतकी चांगली शिकली की शेजारच्या काकूंना आलेली पत्रं तीच वाचून दाखवायची. तरी दोन गोष्टी तिने शेवटपर्यंत कन्नडमध्येच केल्या. एक हिशेब आणि दुसरी मुलांना घराबाहेर पाठवणं. आम्ही उंबरा ओलांडला की मागून आवाज यायचा, "हुषार तम्मा, हुषार!" म्हणजे जपून जा रे बाबा.

ताई पहिलीत असताना शाळेतून पळत आली आणि म्हणाली, "आई, बाई म्हणाल्या मी हुशार आहे." आईचं लक्ष तिच्या फुटलेल्या गुडघ्याकडे. ती म्हणाली, "मत्त्याक बिद्दि?" जपून चालणारी आहेस, तर मग पडलीस कशी? मराठीतला हुशार म्हणजे बुद्धिमान आणि कन्नडमधला हुषार म्हणजे सावध, हा फरक आमच्या घरात त्या दिवशी कळला. त्यावर आम्ही पुढे कित्येक वर्षं हसलो.

हा फरक केवळ भाषेचा नाही, हे मला समजायला पंचेचाळिशी गाठावी लागली आणि त्यासाठी अमेरिकेत जावं लागलं.

विमान न उडवणारी अधिकारी

ताई गेली वीस-बावीस वर्षं ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावात राहते. एका शाळेत हिशेबाचं काम करते. २०२३ च्या जूनमध्ये मी तिच्याकडे गेलो तेव्हा मंगळवारी संध्याकाळी ती गणवेशसारखे कपडे घालून, हातात फाईल घेऊन निघाली. भाची तर पूर्ण लष्करी थाटात. मी विचारलं, "कुठे?"

"विमानतळावर. चल तूही. मी त्यांची सेफ्टी ऑफिसर आहे की." ताई अजून आपल्या बेळगावच्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो' असंच बोलते. पुढे म्हणाली, "खरं मी विमान उडवत नाही हं. मला पायलटशेजारच्या सीटवरसुद्धा भीती वाटते."

ती ज्या संस्थेत जाते तिचं नाव सिव्हिल एअर पेट्रोल. ही स्वयंसेवकांची संस्था १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या सहा दिवस आधी स्थापन झाली. स्वतःची छोटी विमानं असलेली साधी माणसं, दुकानदार, शेतकरी, डॉक्टर युद्धकाळात समुद्रकिनाऱ्यावर गस्त घालू लागली, पाणबुड्या शोधू लागली. युद्धानंतर १९४८ साली तिला अमेरिकन हवाई दलाच्या सहायक संस्थेचा दर्जा मिळाला. आज तिची तीन कामं आहेत. हरवलेली विमानं आणि माणसं शोधणं, पूर-वादळात मदत करणं हे पहिलं. विमानविद्येचा प्रसार हे दुसरं. आणि बारा वर्षांपासूनच्या मुलामुलींना कॅडेट म्हणून घडवणं हे तिसरं. आपल्याकडच्या एनसीसीची आठवण यावी असं, पण चालवणारे बहुतेक सगळे बिनपगारी. संस्थेकडे साडेपाचशेच्या आसपास छोटी विमानं आहेत, बहुतेक सेसना जातीची, एका इंजिनाची.

मुलगी कॅडेट झाली म्हणून ताईही सभासद झाली. पालकांना तसं होता येतं. आणि स्क्वाड्रनला सेफ्टी ऑफिसरची गरज होती. कमांडर म्हणाले, या कामाला वैमानिकच पाहिजे असं नाही, प्रश्न विचारणारं माणूस पाहिजे. "मग मीच की," असं ताई म्हणाली म्हणे.

सही म्हणजे सुरक्षा नाही

पगारी माणसाला हुकूम देता येतो. स्वयंसेवकाला काय देणार? दिवसभर नोकरी करून, मुलांना गाडीत घालून, संध्याकाळी सात वाजता आलेला माणूस. त्याला नियमावली वाचून दाखवली तर तो पुढच्या आठवड्यात येणारच नाही. ताईने पहिलं वर्षभर नेमकं तेच केलं. दर महिन्याला उभं राहून नियम वाचायचे आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. फाईल भरली. "आणि एक दिवस बघितलो तर मागच्या रांगेतले सगळे मोबाईलवर," ती सांगत होती. "सह्या मात्र शंभर टक्के."

मग तिने पद्धत बदलली. महिन्यातली एक सभा, त्यातली पंधरा मिनिटं आणि एकच विषय. तोही त्या आठवड्यात ज्याच्याशी गाठ पडणार आहे असा. उन्हाळी शिबिराआधी पाणी पिणं आणि उष्माघात. थंडीत धावपट्टीजवळचा बर्फ. विमान ढकलून हँगरमध्ये ठेवताना पंख कशाला धडकू नये म्हणून कोण कुठे उभं राहायचं. आणि एक महिना तर फक्त रात्री सभा संपल्यावर गाडी चालवत घरी जाण्यावर. कारण विमानात बसणारे थोडे असतात, गाडीने घरी सगळेच जातात.

मी गेलो त्या मंगळवारी तिने कॅडेटांना हँगरमध्ये नेलं आणि सांगितलं, इथे धोका वाटणाऱ्या पाच गोष्टी शोधा, दहा मिनिटं आहेत. पोरं पांगली. एकाला जमिनीवर तेलाचा डाग सापडला. एकीला विमानाच्या पुढच्या चाकाला अडकवलेला ओढदांडा दिसला. तो काढायला विसरून कुणी इंजिन चालू केलं तर पंखा त्याच्यावर आपटतो. माझ्या भाचीने सांगितलं, "मामाच पंख्याच्या समोर उभा आहे." मी फोटो काढत होतो. सगळे हसले, मी बाजूला झालो. तिथला नियमच आहे, पंखा बंद दिसला तरी तो कधीही फिरेल असंच समजायचं.

आणखी एक नियम मला फार आवडला. काही चुकतंय असं वाटलं तर कुणीही 'थांबा' म्हणू शकतं. बारा वर्षांचं पोर कर्नलला थांबवू शकतं. आणि थांबवणाऱ्याला नंतर कुणी टोचून बोलायचं नाही.

पाच खोडी

तिथल्या वैमानिकांना मनाच्या पाच धोकादायक खोडी शिकवतात. अमेरिकेच्या नागरी विमान खात्याच्या पुस्तकांत त्या आहेत, ताईने त्या मुलांच्या भाषेत सांगितल्या. मी आपल्या भाषेत सांगतो. 'मला सांगणारा तू कोण?' ही पहिली. 'लवकर, काहीतरी करून टाकू' ही दुसरी. 'आपल्याला काही होत नाही' तिसरी. 'बघाच, करून दाखवतो' चौथी. आणि पाचवी, 'आता आपल्या हातात काय आहे? नशिबात असेल ते होईल.' प्रत्येकीवर उतारा म्हणून एक विचार पाठ करायचा. पाचवीवरचा उतारा असा की, मी अगदीच असहाय नाही, अजून काहीतरी करू शकतो.

वाचकहो, कॉलेज रोडवर हेल्मेट आरशाला अडकवून जाणारी आपली मुलं आठवा. पाचही खोडी ओळखीच्या वाटतील.

याच सभेत ताईने एक गोष्ट सांगितली. १ डिसेंबर १९७४. तारीख त्यांच्या संस्थेच्या वाढदिवसाचीच. टीडब्ल्यूए कंपनीचं प्रवासी विमान ओहायोतल्याच कोलंबसहून वॉशिंग्टनकडे निघालं होतं. जोरदार वाऱ्यामुळे ते डलस विमानतळाकडे वळवण्यात आलं. उतरण्यासाठी धावपट्टीच्या दिशेने येण्याची परवानगी मिळाली. वैमानिकांनी तिचा अर्थ असा घेतला की आता खाली येण्यास हरकत नाही. नियंत्रकाला वाटलं, नकाशावरची डोंगराची उंची ते सांभाळतीलच. ढगात काही दिसत नव्हतं. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. ९२ जण होते, सगळे गेले.

पोरं गप्प होती. ताई म्हणाली, खरी गोष्ट याच्या पुढे आहे. सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान याच डोंगरावरून, याच गैरसमजामुळे, थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते कळवलं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. पण दुसऱ्या कंपन्यांपर्यंत ते पोचवणारा रस्ताच नव्हता.

त्यातूनच १९७६ साली एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकाने, नियंत्रकाने, कुणीही आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग लिहून नासा या संस्थेकडे पाठवायचा. शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नाही. नासा त्यातलं नाव-गाव काढून टाकते आणि उरलेलं सगळ्यांसाठी खुलं करते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल, अपघात किंवा गुन्हा नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंड माफ होतो. आजवर तिथे लाखो पत्रं गेली आहेत.

"थोडक्यात वाचलो, हे घरी सांगितलं तर आई रागावते," एक मुलगा म्हणाला. ताई म्हणाली, "म्हणूनच नाव काढून टाकतात."

मी मागच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या पोटात काहीतरी हललं. त्याचं कारण पुढे सांगतो.

'आज मी नको'

त्या शनिवारी भाचीचं पहिलं उड्डाण होतं. कॅडेटांना काही उड्डाणं संस्थेतर्फे मोफत मिळतात, इंजिनाच्या विमानातून पाच आणि ग्लायडरमधून पाच. पोरगी पहाटे पाचला उठून तयार. मी कॅमेरा घेऊन. आणखी दोन कॅडेट आपल्या आईवडिलांसह लांबून आले होते.

वैमानिक सत्तरीचे गृहस्थ, निवृत्त शिक्षक. त्यांनी विमानाभोवती फेरी मारली. पंखाखालून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरलं. हे पेट्रोल निळसर असतं आणि पाणी मिसळलं असेल तर तळाशी वेगळं दिसतं. टाकीत पट्टी घालून इंधन मोजलं. वाऱ्याचा अंदाज पाहिला, झुळका जरा जास्त होत्या पण मर्यादेत. मग ते फॉर्म घेऊन बसले. त्यात एक भाग स्वतःविषयी. आजार आहे का, औषध घेतलंय का, मनावर ताण आहे का, दारू घेतली आहे का (तिकडे आठ तास आधीपर्यंतचा नियम आहे), थकवा आहे का आणि शेवटी, जेवण झालंय का, मन ठिकाणावर आहे का. इंग्रजी आद्याक्षरांचा मिळून 'आय ॲम सेफ' असा शब्द होतो. मी सुरक्षित आहे.

ते थोडा वेळ तसेच बसले. मग उठून कमांडरकडे गेले आणि म्हणाले, "आज मी नको." पत्नी रुग्णालयात होती, रात्री दोनपर्यंत ते तिच्याजवळ होते. थकवा आणि ताण, दोन्ही खाणी भरली होती. वर झुळका. "एकेक वेगळं असतं तर गेलो असतो," ते म्हणाले.

दुसरा वैमानिक मिळण्यासारखा नव्हता. लांबून आलेल्या पालकांचे चेहरे पडले. माझी भाची रडली. मलाही मनातून वाटलं, अर्ध्या तासाची फेरी, मर्यादेतला वारा, एवढं काय? आपल्याकडे असतं तर कुणीतरी म्हणालंच असतं, सर, पोरं आलीत लांबून, एक चक्कर मारून आणा.

कमांडरने सगळ्यांना जवळ बोलावलं, त्या गृहस्थांचा हात हातात घेतला आणि मुलांसमोर त्यांचे आभार मानले. म्हणाले, आज तुम्ही वैमानिकाचं सगळ्यात अवघड काम पाहिलंत. मग ताईने डबे उघडले. तिने पहाटे उठून केलेले पोहे त्या अमेरिकन मंडळींनी हँगरमध्ये उभ्याने खाल्ले.

ओढा

त्या रात्री ओसरीवर बसून मी ताईला एक गोष्ट सांगितली. सात वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये मी आमच्या विद्यार्थ्यांची सहल घेऊन घाटात गेलो होतो. चौतीस मुलं-मुली, मी आणि एक सहकारी. परतताना मुलं एका ओढ्यात उतरली. मी 'नको' म्हणालो, मग म्हणालो 'पाचच मिनिटं'. शेवाळावरून एका मुलाचा पाय सटकला आणि तो डोहात गेला. त्याला पोहता येत नव्हतं. दोन मुलींनी ओढण्या बांधून फेकल्या, तिघांनी हाताची साखळी केली आणि त्याला ओढून काढलं. दोनेक मिनिटं असतील. मला अजून ती दोन मिनिटं संपलेली वाटत नाहीत.

बसमध्ये बसल्यावर मी उभा राहून मुलांना म्हणालो, "झालं ते झालं. घरी उगीच काळजी नको. वाच्यता करू नका." मुलं शहाणी. कुणी बोललं नाही. सहलीच्या अहवालात मी लिहिलं, 'सहल उत्साहात पार पडली.' मराठी शुद्ध होतं.

ताईने सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "पुढच्या वर्षी सहल कोण घेऊन गेलं?"

"दुसरे एक सर."

"कुठे?"

मी गप्प. तिथेच गेले होते. त्याच ओढ्यावर थांबले होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काही झालं नाही, यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

ताई रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तो मंगळवारचा डोंगर, तुझ्याकडे पण होता तर."

परत आल्यावर

जुलैत कॉलेज सुरू झालं. मी एका पानावर ओढ्याची हकिगत लिहिली. तारीख, ठिकाण, पाण्याचा अंदाज, माझी चूक कुठे झाली, दोर नव्हता, पोहता न येणाऱ्यांची यादी नव्हती. विद्यार्थ्याचं नाव लिहिलं नाही, माझं लिहिलं. ते पान मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं.

शांतता पसरली. दुसऱ्या वर्षी सहल नेणारे सर माझ्याकडे नुसते बघत राहिले. नंतर व्हरांड्यात म्हणाले, "मला तेव्हाच सांगायला पाहिजे होतंत." मी म्हणालो, "होय." त्यापलीकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. एका वरिष्ठांनी बाजूला घेऊन विचारलं, "लेखी कशाला देता? उद्या कुणी आपल्याविरुद्धच वापरलं तर?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणूनच तर तिकडे पत्रं शिक्षा करणाऱ्याकडे जात नाहीत. आमच्याकडे नासा नाही. म्हणून आम्ही एवढंच ठरवलं की वहीत नाव लिहायचं नाही आणि वहीतल्या नोंदीवरून कुणाला जाब विचारायचा नाही. हे ठरवायला तीन बैठका लागल्या. एकाचा अजूनही विरोध आहे.

वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली. पहिले दोन महिने माझं एकच पान. मग एक दिवस प्रयोगशाळेतली नोंद दिसली, ॲसिडच्या बाटलीवरचं लेबल निघालेलं. मग झाडणाऱ्या मावशींनी एका विद्यार्थिनीकडून लिहून घेतलं की पावसात मागच्या जिन्याची तिसरी पायरी निसरडी होते, त्या दोनदा सावरल्या. मावशी बारा वर्षं तो जिना झाडतात, त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या पायरीवर आता खरखरीत पट्टी बसवली आहे. सहलीला जाताना दोर, यादी आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याला. गेल्या वेळी एका मुलीने खरंच थांबवलं. बसचालक सतत जांभया देत होता. चहाला अर्धा तास थांबलो, काही मुलं कुरकुरली. मी त्या मुलीचे सगळ्यांसमोर आभार मानले. जरा नाटकी वाटलं, पण मानले.

भाचीचं उड्डाण सप्टेंबरात झालं. तेच सत्तरीचे गृहस्थ वैमानिक. पत्नी घरी आली होती. ताईने फोनवर सांगितलं, "दार लावताना माझ्या तोंडून एकदम आईचंच निघालं, 'हुषार पुट्टी, हुषार!' ते विचारले, काय म्हणतेस? मी म्हणालो, आमच्याकडची चेकलिस्ट आहे."

वहीवर काय नाव घालायचं, हा प्रश्न होता. 'सुरक्षा नोंदवही' म्हटलं तर कुणी उघडणार नाही. मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'हुषार'.

मराठी माध्यमातून आलेली मुलं दर वर्षी येऊन सांगतात, सर, वहीवरचं शुद्धलेखन चुकलंय. कन्नड माध्यमातली मुलं काही विचारत नाहीत.